ऐकू येतं, पण कळत नाही: नववीच्या वर्गातल्या श्रवण प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै २०२५

नववीच्या विज्ञानात ध्वनीच्या धड्यात मानवी कानाची आकृती आहे. मुलं ती सुबक काढतात, नावं बिनचूक लिहितात आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. तो कान बिघडला तर माणसाच्या वाट्याला नेमकं काय येतं, इथपर्यंत तासिका पोचतच नाही. यंदा त्या आकृतीपाशी सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. आठवड्याची एक तासिका आणि लागेल तेव्हा शनिवार. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, प्रयोगशाळेची किल्लीही दिली.

पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी तुम्ही कसं बोलाल? जवळजवळ प्रत्येक वहीत उत्तर आलं, "मोठ्याने." काहींनी "कानाजवळ जाऊन मोठ्याने" असं लिहिलं. मोठ्या माणसांना विचारलं असतं तरी वेगळं उत्तर आलं नसतं. म्हणून या प्रकल्पाला एकच काम दिलं आहे. कमी ऐकू येणं म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करणं नव्हे, हे मुलांना हाताने करून कळलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालातले आकडे सांगितले. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-जास्त श्रवणदोष आहे आणि त्यांतल्या ४३ कोटींना उपचारांची किंवा साधनांची गरज आहे. आकडा मोठा आहे एवढं मुलांना कळलं, पण कुणी हललं नाही. मग विचारलं, "तुमच्या मजल्यावर असं कोण आहे?" हात वर यायला लागले. लालबाग-परळच्या चाळींमधली मुलं ही. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाची आजी.

१० जुलै

आज कानाचा पडदा आणि त्यामागची हाडं. स्टीलच्या डब्यावर फुगा ताणून बसवला, वर चिमूटभर रवा टाकला आणि डब्याजवळ तोंड नेऊन "ओऽऽ" म्हणायला सांगितलं. फुंकर बसू नये म्हणून मध्ये वही धरायची. रवा नुसता उडत नाही. सूर धरून ठेवला तर तो सरकत सरकत कडीसारखा गोळा होतो आणि सूर चढवला की ती कडी मोडून दुसरीच आकृती तयार होते. एका गटाने पंधरा मिनिटं दुसरं काहीच केलं नाही. मीही त्यांना उठवलं नाही.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ही हाडं हवीतच कशाला, असा प्रश्न एका मुलाने विचारला, आणि तो अगदी बरोबर होता. आतल्या कानात द्रव असतो. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की बहुतेक सगळा परत फिरतो. त्याला आत ढकलायचं तर दाब वाढवावा लागतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या तळव्याचं सुमारे ३. मुलांनी भागाकार केला. हाडांच्या तरफेचा थोडा फायदा धरला की दाब वीस पटींहून जास्त होतो. ड्रॉइंग पिन थर्मोकोलमध्ये आधी टोकाकडून आणि मग डोक्याकडून रुतवून पाहिली. त्यानंतर समजावायला काही उरलं नाही.

शेवटची दहा मिनिटं तोंड मिटून "म्म्म" म्हणायचं आणि एका कानात बोट घालायचं. आवाज एकदम बंद कानाकडे जातो. सगळा वर्ग हे करून पाहत होता. बाहेरून जाणारे सर डोकावून विचारून गेले, प्रार्थना चालू आहे का म्हणून. ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ वेळा कंपणारा, नादकाटा (धातूचा दुपाखी काटा) कपाळाच्या मध्यावर टेकवला की तेच होतं, आणि डॉक्टर हीच युक्ती तपासणीत वापरतात. मळ, पडद्यामागचं पाणी किंवा पडद्याचं भोक यामुळे एका कानाची वाट अडली असेल, तर कपाळावरच्या काट्याचा आवाज त्या अडलेल्या कानात जास्त येतो. आतल्या पेशी बिघडल्या असतील, तर तो चांगल्या कानात येतो. एका नादकाट्यावर दोन आजारांतला फरक कळतो, हे मुलांना फार आवडलं.

२५ जुलै

गेल्या पंधरवड्यात तीन ट्रेमध्ये गहू पेरला होता. घटस्थापनेला पेरतात तसाच, त्यामुळे कुणाला शिकवावं लागलं नाही. रोपं बोटभर झाल्यावर पहिला ट्रे तसाच ठेवला. दुसऱ्यावर तळहात एकदाच जोरात दाबला. तिसऱ्यावर रोज मधल्या सुट्टीत पाळीपाळीने हात दाबला.

दुसरा ट्रे दुसऱ्या दिवशी सकाळी बराचसा उभा होता. तिसरा आता पिवळा पडून आडवा झाला आहे.

कर्णावर्तात, म्हणजे शंखासारख्या वळणांच्या नळीत, प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी, म्हणजे टोकाला बारीक केस असलेल्या आणि आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. नळी उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. तोंडाशी उंच सूर, आत टोकाशी खालचे सूर. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी आवाजाची लाट या नळीत कशी चालते ते शोधलं आणि त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. मोठा आवाज या पेशींवरचे केस वाकवतो. कधी त्या सावरतात, कधी कायमच्या मरतात.

"बाई, पण गहू परत पेरता येतो," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. प्रयोगाची मर्यादा तिने नेमकी पकडली. माणसाच्या केशपेशी परत उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, हे १९८०च्या दशकात कोंबड्यांच्या पिल्लांवर दिसलं. तेव्हापासून शास्त्रज्ञ तेच सस्तन प्राण्यांत घडवता येतं का ते शोधत आहेत. यावर बराच वेळ गेला. तासिका संपली तरी मुलं कोंबडीवरच होती.

३१ जुलै

आजचा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा होता.

संगणक कक्षात ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घेतलं. एका मुलीच्या आवाजात सुटे शब्द रेकॉर्ड केले: सात, पाच, काप, साप, ताप, तास, घास, खीर, दूर, तीन, माशी, पीठ. मग १,००० हर्ट्झच्या वरचा सगळा आवाज गाळून टाकला. वाढत्या वयात आणि गोंगाटात वर्षं काढलेल्या कानांत वरचे सूर आधी जातात. त्याची ही ढोबळ नक्कल.

मुलांना श्रुतलेखन घातलं. आवाज चांगला मोठा, प्रत्येक शब्द दोनदा. शब्द आला हे सगळ्यांना कळत होतं, मुलगी बोलतेय हेही कळत होतं. वह्यांत मात्र "साप"च्या जागी "ताप", "काप", "आप" असं काहीही होतं. "तास" आणि "घास" कुणाला वेगळे काढता आले नाहीत. सगळ्यात गंमत "खीर"ची. बऱ्याच जणांनी "दूर" किंवा "खूर" लिहिलं. ई आणि ऊ यांचा खालचा सूर जवळपास सारखाच असतो. दोघांना वेगळं करणारा सूर वर, दोन हजार हर्ट्झच्या पुढे असतो, आणि तोच आम्ही गाळला होता. स तर त्याच्याही वर, चार हजारांच्या पुढे पसरलेला.

मग मी विचारलं, "आता काय करू?" सगळा वर्ग एका सुरात, "आवाज वाढवा!" वाढवला. स्पीकर थरथरायला लागला. पुन्हा श्रुतलेखन घेतलं. चुका जवळपास तेवढ्याच. एक मुलगा कानांवर हात ठेवून म्हणाला, "बाई, त्रास होतोय, पण कळत नाहीये."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून तारीख घातली. या मुलांच्या घरातली म्हातारी माणसं हेच सांगतात आणि त्यांना उत्तर मिळतं, "एवढ्या मोठ्याने बोलतोय तरी कळत नाही?"

पुढे शब्द सुटे न देता वाक्यात दिले. "आईने गूळ घालून खीर केली." जवळपास सगळ्यांना कळलं. मग ओठ दिसतील असं समोर उभं राहून बोलले. अजून सोपं झालं. कान सोडतो ते मेंदू संदर्भाने आणि डोळ्यांनी भरून काढतो, पण त्याला त्यासाठी सतत राबावं लागतं. वीस मिनिटांच्या श्रुतलेखनाने मुलं दमली होती. दिवसभर असं ऐकणारा माणूस संध्याकाळी लग्नाच्या हॉलमध्ये गप्प का बसतो, हे आज कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

७ ऑगस्ट

आवाज मोजणं. वेगवेगळ्या फोनवरची ॲप्स एकाच जागी वेगवेगळे आकडे देतात, म्हणून सगळ्या मोजमापांना एकच फोन वापरायचा आणि आकड्यापेक्षा फरकाकडे बघायचं असं ठरलं.

रिकामा वर्ग, खिडक्या उघड्या, पंखे चालू: साठीच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्गातली पार्श्वभूमी ३५ डेसिबलच्या आत हवी. शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या १५ डेसिबल तरी वर हवा. शेवटच्या बाकावर माझा आवाज जेमतेम वर राहत होता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येतं आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. मुलांनी नियम वाचला, मग खिडकीतून खालच्या रस्त्याकडे पाहिलं.

गणिताच्या सरांनी डेसिबलचा तास घेतला. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा. ८५ डेसिबलला ८ तास, ८८ला ४, असं करत मुलं १०० डेसिबलला १५ मिनिटांवर आली.

१९ ऑगस्ट

पावसामुळे शाळेला सुट्टी. आजचा कार्यक्रम शुक्रवारी.

२२ ऑगस्ट

कान वाचवण्याचा प्रयोग. गणपतीच्या आधीच घ्यायचा होता. लांब व्हरांड्याच्या एका टोकाला गजराचं घड्याळ ठेवलं. कान उघडे, कानात कापूस, कानात बोट आणि फोमचे इअरप्लग, असं चार वेळा मागे सरकत जायचं आणि आवाज कुठे थांबतो तिथे खडूने रेघ मारायची. कापसाची रेघ उघड्या कानांच्या रेघेच्या अगदी जवळ आली. बोट आणि फोम यांच्या रेघा घड्याळाच्या कितीतरी जवळ पडल्या.

वर्गातला एक मुलगा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. तो दोन रेघांकडे बघत राहिला. पथकात सगळे कापूसच घालतात.

फोमचा प्लग नीट घातला तरच उपयोग. बोटांत घट्ट वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर तोही कापसासारखाच. प्रत्येकाने जोडीदाराचा कान तपासला.

अनेक ठिकाणी हेच प्लग तासभर घालून "बहिरेपण अनुभवा" असा कार्यक्रम घेतात. मी तो मुद्दाम घेत नाही. तासाभराने प्लग काढता येतो. त्यातून मुलांच्या हाती भीती आणि कीव यांपलीकडे फारसं काही लागत नाही. कसं जगतात हे जगणाऱ्याकडून ऐकावं.

९ सप्टेंबर

विसर्जन होऊन शाळा भरली. ताशा वाजवणाऱ्या मुलाने पथकासाठी प्लगची पाकिटं नेली होती. काहींनी घातले, काहींनी "ठेका ऐकू येणार नाही" म्हणून काढून टाकले. त्याने त्यांना सांगितलं की आपल्या वाद्याचा ठेका हातातून, हाडांतून येतोच. हे वर्गात शिकवलेलं तो मिरवणुकीत वापरून आला, याचा मला फार आनंद झाला.

एका मुलीच्या कानात भिंतीजवळच्या स्पीकरमुळे दुसऱ्या दिवसापर्यंत कुंईऽऽ आवाज येत होता. आता गेला म्हणते. वर्गाचं उत्तर तयार होतं, दुसरा ट्रे! पण इथे एक गोष्ट जोडावी लागली. कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांना जोडलेल्या मज्जातंतूंची टोकं मोठ्या संख्येने कायमची गेली होती. रोप उभं राहिलं म्हणजे मुळाला धक्का बसला नाही असं नाही. मुलीला घाबरवलं नाही, पण पुढच्या वर्षी स्पीकरपासून लांब उभी राहा आणि पुन्हा आवाज आला तर डॉक्टरांना दाखव, असं सांगितलं.

१३ सप्टेंबर

शनिवार. एका विद्यार्थिनीचे आजोबा वर्गात आले. वय अठ्ठ्याहत्तर. अठराव्या वर्षी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले आणि १८ जानेवारी १९८२ला संप सुरू होईपर्यंत साच्यावर उभे होते. साच्यांच्या खात्यात आवाज ९५-१०० डेसिबलपर्यंत जातो. मुलांनी लगेच हिशोब मांडला: १०० डेसिबलला १५ मिनिटं, आणि आजोबांची पाळी आठ तासांची.

"आम्ही तोंडाकडे बघून बोलायचो, पोरांनो," आजोबा म्हणाले. "शेजारचा साचेवाला काय म्हणतो ते ओठांवरून कळायचं. आवाज लागायचाच नाही. घरी आलो की बायको म्हणायची, ओरडता का?" कान तपासायला कुणी आलं नाही. कानात घालायला काही मिळालं नाही. आज कायद्यात आवाजामुळे येणारा श्रवणदोष हा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे, हे त्यांना मुलांनीच सांगितलं.

नातीने विचारलं, "आजोबा, मी हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले तर तुम्ही ओरडू नको म्हणता. असं का?" आजोबा माझ्याकडे बघायला लागले. याला कारण आहे. केशपेशी गेल्या की हळू आवाज लागतच नाही, पण लागायला सुरुवात झाली की तो फार भराभर मोठा वाटू लागतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागा अरुंद होते. म्हणूनच त्यांचं श्रवणयंत्र कपाटात पडून आहे. भांड्याचा आवाज कानात टोचतो म्हणतात. यंत्र त्यांच्या कानाप्रमाणे परत बसवून घेता येतं आणि त्यासाठी दोन-चार फेऱ्या घालाव्या लागतात, एवढं सांगितलं. अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून वांद्रे रेक्लमेशनला आहे. नातीने पत्ता वहीत उतरवून घेतला. आजोबा "बघू" म्हणाले.

नंतर मुलांनी त्यांच्याशी बोलायचा सराव केला. समोर बसायचं, खांद्याला हात लावून लक्ष वेधायचं, विषय आधी सांगायचा, आवाज नेहमीचाच पण सावकाश, आणि कळलं नाही तर तोच शब्द मोठ्याने न म्हणता वाक्य बदलायचं. एक मुलगा "आजोबा, तुमचा पगार किती होता?" हे दोनदा बोलून अडला. मग म्हणाला, "गिरणीत महिन्याला पैसे किती मिळायचे?" आजोबांनी झटकन उत्तर दिलं.

२३ सप्टेंबर

आज आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिवस. भारतीय सांकेतिक भाषा शिकवणारी एक कर्णबधिर तरुणी दुभाषी ताईंना घेऊन आली. तिने ताईंना आधी कोपऱ्यात बसवलं आणि पहिली दहा मिनिटं थेट हातांनी बोलायला सुरुवात केली. प्रश्न विचारत होती, उत्तराची वाट बघत होती. वर्गात कुणालाच काही कळेना. एकमेकांकडे बघून हसणं, मग गप्प होणं, मग एकाने अंदाजाने मान हलवणं. तिने त्याच्याकडे बोट दाखवून ताईंना पुढे बोलावलं आणि सांगितलं, "कळलं नाही तरी मान हलवायची. शाळेत मी हेच करायचे."

प्रकल्पाच्या नोंदी तिने वाचल्या होत्या. म्हणाली, "आजोबांचं काहीतरी हरवलं आहे. माझं काही हरवलेलं नाही. मी जन्मापासून अशीच आहे आणि माझी भाषा माझ्याकडे आहे. अडचण येते ती रेल्वे स्टेशनवर घोषणा होते आणि लिहून येत नाही तेव्हा." पंखे आणि पडदे यांच्या तीन महिन्यांनंतर हे ऐकणं वर्गाला आवश्यक होतं, मलाही होतं. कान समजून घेणं एक आणि कर्णबधिर माणूस समजून घेणं दुसरं. पहिलं मी शिकवू शकते.

मुलं आपापलं नाव बोटांनी करायला शिकली. लक्ष वेधायला दिवा उघडझाप करायचा, टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. दिल्लीला २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्याचा शब्दकोश मोफत पाहता येतो, हे तिने दाखवलं. तासिकेनंतर ताशा वाजवणारा मुलगा तिला विचारत होता की ढोलाचा ठेका तिला छातीत जाणवतो का. ती हो म्हणाली आणि दोघं ताईंच्या मदतीने बराच वेळ बोलत उभे होते.

३० सप्टेंबर

श्रवणतपासणी झाली. काहींच्या कानात मळ निघाला. एका मुलाच्या पडद्याला भोक आहे. लहानपणापासून कान वाहतो, घरचे तेल घालायचे. तेल बंद, पाणी जाऊ द्यायचं नाही आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं, हे त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं. तो "लक्ष देत नाही" म्हणून मागे बसवलेला असायचा. आता पुढे, चांगला कान माझ्याकडे येईल अशा बाजूला.

वर्गात झालेले बदल: फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हा नियम सगळ्या शिक्षकांनी मान्य केला. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहायचा. खडखडणारा पंखा दुरुस्त झाला. बाकांच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या बांधायचं काम मुलांनी अंगावर घेतलं आहे. तीन रांगा झाल्या, ट्यूब संपली. लालबागच्या सायकलवाल्याकडे अजून आहेत. शिपाईमामा उद्या आणतील, उरलेली रांग दसऱ्याच्या सुट्टीनंतर.